जिल्ह्याचे धातुपोषण : आदान-प्रदान सारणी आणि बीडचा साखर उद्योग

एखाद्या तालुक्यात नवा कारखाना यावयाचा असला, की त्याच्या समर्थनार्थ एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘प्रत्यक्ष रोजगार इतका, आणि अप्रत्यक्ष रोजगार त्याच्या तिप्पट.’ प्रत्यक्ष रोजगार कोणालाही मोजता येतो. हजेरीपट पाहिला की काम झाले. परंतु हा ‘अप्रत्यक्ष’ रोजगार कोणी मोजला, कोणत्या रीतीने मोजला आणि तो नेमका कोणत्या गावात निर्माण होणार, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. वस्तुतः त्याचे एक सुनिश्चित गणित आहे. अर्थशास्त्रात त्याला आदान-प्रदान विश्लेषण म्हणतात. आदान म्हणजे एखादा व्यवसाय इतरांकडून जे घेतो ते, आणि प्रदान म्हणजे तो जे निर्माण करून इतरांना देतो ते. आयुर्वेदाच्या त्रैमासिकात या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका काही वैद्यबंधूंच्या मनात येईल. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल असे वाटते. तूर्त एवढेच नमूद करतो, की या शास्त्राचा आदिपुरुष स्वतः वैद्य होता.

फ्रान्स्वा केने (१६९४–१७७४) हा व्यवसायाने शल्यविद. रक्तमोक्षणाच्या परिणामांवर त्याने १७३० साली ग्रंथ प्रसिद्ध केला, १७४४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे पंधराव्या लुईच्या व्हर्साय येथील दरबारात मादाम द पोंपादूर हिचा चिकित्सक म्हणून तो राहू लागला. साठी ओलांडल्यानंतर त्याने अर्थशास्त्राकडे मोर्चा वळविला आणि १७५८ साली एक कोष्टक तयार केले. शेतकरी, जमीनमालक आणि कारागीर या तीन वर्गांमध्ये पैसा कसा फिरतो, एकाचा खर्च दुसऱ्याचे उत्पन्न कसा होतो, हे त्याने त्यात नागमोडी रेषांनी दाखविले. शरीरातील रक्ताभिसरणाची कल्पना या कोष्टकामागे असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. केवळ शेतीच खरे आधिक्य निर्माण करते, हा त्याचा आग्रह पुढे टिकला नाही. कोष्टकाची कल्पना मात्र टिकली.

तिला गणिताचे रूप दिले ते वासिली लिऑन्तिएफ यांनी. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेची अशी सारणी त्यांनी १९३६ साली प्रथम मांडली आणि या कार्याबद्दल त्यांना १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत १९६० च्या दशकात प्रा. पी. एन. माथुर यांनी या विषयाचे संशोधन उभे केले. केंद्रीय सांख्यिकी संघटनेची देशाची पहिली सारणी १९६८-६९ या वर्षाची असून तीत ६० क्षेत्रे होती. २००७-०८ च्या सारणीत ती १३० झाली. त्यानंतरच्या काळात देशपातळीवर पुरवठा व वापर सारण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. उसापासून केवळ साखर निघत नाही. मळी, भुसा आणि गाळचोथाही निघतो. एका उद्योगाची अशी अनेक उत्पादने नोंदविण्यास ही नवी मांडणी अधिक सोयीची आहे.

सारणीची रचना अशी. प्रत्येक व्यवसायाला एक आडवी ओळ आणि एक उभा स्तंभ. स्तंभात त्या व्यवसायाने कोणाकोणाकडून किती माल घेतला ते लिहावयाचे, आणि ओळीत आपला माल कोणाकोणाला किती दिला ते. स्तंभातील प्रत्येक आकड्यास त्या व्यवसायाच्या एकूण उत्पादनाने भागले, की शंभर रुपयांच्या उत्पादनासाठी कोणाकडून किती रुपयांचे आदान लागते हे कळते. या प्रमाणास तांत्रिक गुणांक म्हणतात. एखाद्या कल्पाच्या घटकद्रव्यांची यादी आणि त्यांची मात्रा जशी ठरलेली असते, तसा हा प्रत्येक उद्योगाचा पाठ समजावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, एका जिल्ह्यात तीनच व्यवसाय आहेत : शेती, साखर कारखाना आणि सेवा (यात वाहतूक, व्यापार व दुरुस्ती आली). शंभर रुपयांच्या साखरेसाठी कारखाना साठ रुपयांचा ऊस शेतीकडून आणि दहा रुपयांच्या सेवा घेतो. रसायने, पोती व यंत्राचे सुटे भाग यांचे दहा रुपये जिल्ह्याबाहेर जातात, आणि वेतन, व्याज, कर, आधिक्य मिळून वीस रुपये उरतात. शेतीला शंभर रुपयांच्या उत्पादनासाठी दहा रुपयांचे बेणे शेतीतूनच आणि दहा रुपयांच्या सेवा लागतात. खत व डिझेल यांचे वीस रुपये बाहेर जातात, साठ रुपये कष्टकऱ्यांच्या व मालकाच्या घरी राहतात. सेवांना शंभरामागे दहा रुपयांच्या सेवाच लागतात, चाळीस बाहेर जातात, पन्नास घरी राहतात.

आता बाहेरच्या बाजारातून शंभर रुपयांच्या साखरेची नवी मागणी आली. पहिल्या फेरीत कारखाना शेती व सेवा यांच्याकडून सत्तर रुपयांची खरेदी करतो. दुसऱ्या फेरीत हे दोघे आपल्या गरजेसाठी तेरा रुपयांची खरेदी करतात. तिसऱ्या फेरीत १ रुपया ९० पैसे, आणि त्यापुढे काही पैसे. सर्व फेऱ्यांची बेरीज सुमारे १८५ रुपये होते. म्हणून या जिल्ह्यात साखर उद्योगाचा उत्पादन-गुणक १.८५ आहे असे म्हणावयाचे. लिऑन्तिएफ यांचे कौशल्य असे, की या अनंत फेऱ्यांची बेरीज एकाच गणिती क्रियेने करता येते, मग व्यवसाय तीन असोत की एकशे तीस.

आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसले असेल. धातुपोषणाच्या विचारात टीकाकारांनी जे न्याय सांगितले, त्यांतील केदारीकुल्या न्याय नेमका हाच आहे. पाटाचे पाणी पहिले वाफे भिजवून पुढच्यात जाते, तेथून त्यापुढच्यात, आणि प्रत्येक वाफा आपला अंश राखून घेतो. सत्तर, तेरा, दोनहून कमी हा उतरता क्रम म्हणजे पाटाच्या शेवटाकडे पातळ होत जाणारी धार. पण न्याय एकच नाही. खलेकपोत न्यायात कबुतरे खळ्यावर उतरतात, दाणे टिपतात आणि ज्याची त्याची वाट धरून आपापल्या ठिकाणी निघून जातात. खळे एका गावचे आणि घरटे दुसऱ्या गावचे, असे घडू शकते. दृष्टांत हा दृष्टांतच असतो, त्याला फार ताणू नये. तरी देशाची सारणी आणि जिल्ह्याची सारणी यांतील भेद सांगण्यास या कबुतरांहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

देशाच्या सारणीत बहुतेक देणे-घेणे देशातच होते, गळती आयातीपुरती असते. प्रदेश जितका लहान, तितकी गळती मोठी. वरील उदाहरणात शंभर रुपयांपैकी सुमारे ६९ रुपये जिल्ह्याच्या उत्पन्नात येतात आणि ३१ बाहेर जातात. आता एवढाच बदल करा, की कारखान्याचा निम्मा ऊस शेजारच्या जिल्ह्यातून येतो. कारखाना तोच, धुराडे तेच, साखरही तितकीच. गुणक मात्र १.८५ वरून १.४८ वर येतो, जिल्ह्यात राहणारे उत्पन्न ६९ वरून ४७ रुपयांवर उतरते आणि ५३ रुपये सीमेपलीकडे जातात. ‘अप्रत्यक्ष रोजगार तिप्पट’ हा दावा देशाच्या गुणांकांवरून काढलेला आहे की जिल्ह्याच्या, हा प्रश्न म्हणूनच सर्वप्रथम विचारावयास हवा.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला होता. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे त्या भागास प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती झाले, याची पाहणी डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी केली व तिचा अहवाल गोखले संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती लिऑन्तिएफ यांची सारणी नव्हती. त्यांनी माणसांना विचारून, हिशेब मांडून हे काम केले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पैसा त्याच परिसरात फिरता राहावा, हा सहकारी कारखान्याचा हेतू आदान-प्रदानाच्या भाषेत सांगावयाचा तर गळती कमी करणे हाच होता.

ज्या जिल्ह्याची सारणी उपलब्ध नाही, त्याचे काय करावे? राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्नाचे अंदाज काढते, प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचनही प्रसिद्ध होते. परंतु जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यात कोणी कोणाकडून किती घेतले हे नसते. तेव्हा अभ्यासक सामान्यतः आडमार्ग पत्करतात. जिल्ह्याच्या एकूण रोजगारात एखाद्या व्यवसायाचा वाटा किती आणि देशाच्या रोजगारात त्याच व्यवसायाचा वाटा किती, याचे गुणोत्तर काढावयाचे. ते एकाहून अधिक असेल तर तो माल जिल्ह्यात पुरेसा आहे असे धरून देशाचा गुणांक जसाच्या तसा घ्यावयाचा. कमी असेल तर त्या प्रमाणात गुणांक कमी करावयाचा. अमेरिकेतही प्रादेशिक गुणक काढताना ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

रीत सोपी आहे, म्हणूनच सावधपणे वापरावयाची. परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र घ्या. बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. गुणोत्तर शून्य येते आणि कोळशाचा सर्व खर्च गळतीत जमा होतो. येथे रीत बरोबर उत्तर देते : केंद्र मोठे, कोळसा रेल्वेने बाहेरून येतो, वीज तारांवरून बाहेर जाते, आणि जिल्ह्यात राहतात ती वेतने, कंत्राटे, किरकोळ खरेदी आणि राख. (त्या राखेवर विटांचे व्यवसाय चालतात, हेही सारणीत लिहावयास हवे. राख छातीत जाते, ते तूर्त बाजूला ठेवू.) पण उसाच्या बाबतीत तीच रीत फसते. शेतीचे गुणोत्तर बीडमध्ये मोठे आहे, यात शंका नाही. म्हणून रीत सांगणार, की शेतमाल येथे मुबलक, सर्व ऊस स्थानिक धरा. परंतु बीडची शेती म्हणजे प्रामुख्याने कापूस, सोयाबीन, बाजरी, ज्वारी, तूर. ऊस आहे तो गोदाकाठी आणि माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात, आणि ज्या वर्षी पाणी असेल त्या वर्षी. ‘शेती’ हा एकच शब्द लिहिला, की गेवराईचा कापूस आणि तेलगावच्या कारखान्याला लागणारा ऊस एक होऊन जातात.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. हे प्रतिमान मागणीवर चालते. मागणी वाढली की पुरवठा हजर होतो, असे त्यात गृहीत आहे. बीडमध्ये अडते ते मागणीअभावी नव्हे, पाण्याअभावी. २०१३ च्या फेब्रुवारीत खडका बंधारा आटल्यामुळे परळीचे वीजनिर्मिती संच बंद करावे लागले होते. विजेची मागणी त्या वेळी काही कमी नव्हती. पुरवठ्याच्या बाजूने गणित मांडण्याचा प्रयत्न भारतीय अर्थशास्त्रज्ञ ए. घोष यांनी १९५८ साली केला. त्याच्या अर्थाविषयी तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण दुष्काळी प्रदेशात निदान तो प्रश्न तरी योग्य ठिकाणी ठेवतो.

तिसरी गोष्ट ‘एकूण’ आणि ‘निव्वळ’ यांतील भेदाची. कारखान्यामुळे इतक्या हजार शेतकऱ्यांना रोजगार मिळाला, असे सांगतात तेव्हा ते शेतकरी आधी रिकामे बसले होते असे सूचित होते. ज्या जमिनीत ऊस लावला तीत पूर्वी कापूस होता. त्या कापसावर जिनिंगमधील मजूर, सरकीचा व्यापारी आणि गाडीवान जगत होते. उसाचा गुणक मांडताना कापसाचा गुणक वजा करावयास हवा. तो वजा केलेला मी तरी कोठल्या भाषणात ऐकलेला नाही.

आता बीडच्या खऱ्या विषयाकडे येतो. या जिल्ह्याची बाहेरच्या जगाला जाणारी सर्वांत मोठी वस्तू कोणती? सीताफळ म्हणावे, तर बालाघाटातील त्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे. कापूस तर आहेच. पण दसऱ्यानंतर पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून जे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जातात, त्यांत माल नसतो, माणसे असतात. लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि वसंत सरता सरता परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. हंगामापूर्वी मुकादमामार्फत उचल मिळते, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडावयाची असते.

या श्रमाची नोंद सारणीत कोठे होते ते पाहू. ज्या जिल्ह्यात कारखाना आहे, तेथील सारणीत तोडणीची मजुरी हे त्या जिल्ह्याचे उत्पन्न म्हणून नोंदविले जाते, आणि कुटुंबे हाही एक व्यवसाय धरून जेव्हा व्यापक गुणक काढतात, तेव्हा ती मजुरी तेथील बाजारात खर्च होते असे मानून तिच्यावर आणखी फेऱ्या चढविल्या जातात. प्रत्यक्षात कबुतर दाणे घेऊन बीडला परतलेले असते. म्हणजे तेथील गुणक फुगतो. इकडे बीडच्या सारणीत ऊसतोडणी हा व्यवसायच नसतो, कारण ती बीडच्या भूमीवर होत नाही. म्हणजे येथील गुणक खुजा राहतो. बीडच्या बाजारपेठेत दसऱ्याच्या सुमारास जो पैसा उतरतो तो उचलीचा. तो जुने देणे, लग्नाचा खर्च, किराणा, बी-बियाणे आणि औषधपाणी यांत जातो. साखरेचा स्तंभ दूरच्या जिल्ह्यात आणि त्याची शेवटची फेरी येथे, असा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणजे दोन्ही प्रदेशांना एकाच सारणीत बसविणे. आंतरप्रादेशिक प्रतिमान म्हणतात ते हेच. त्यात मजुरीची ओळ कामाच्या ठिकाणानुसार आणि राहण्याच्या ठिकाणानुसार अशी दोनदा मांडतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. तिचा परिणाम कारखान्यांच्या जिल्ह्यांत शोधणाऱ्यास तो अर्धामुर्धाच सापडेल.

येथवर जे सांगितले ते पैशाचे. आपल्या व्यवसायाचा संबंध याच्या पुढे येतो, आणि तो दोन ठिकाणी येतो.

पहिले ठिकाण औषधनिर्माणाचे. आपल्या जिल्ह्यात आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला तर शेतकऱ्यांचे भले होईल, असे आपण सद्भावनेने म्हणतो. परळीला वैद्यनाथाचे स्थान असल्याने आणि अमृतमंथनानंतर धन्वंतरीने त्या लिंगात आश्रय घेतल्याची आख्यायिका असल्याने या कल्पनेला भावनेचेही बळ मिळते. पण तिचा स्तंभ मांडून पाहा. अश्वगंधा बहुतांशी मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येते. गुग्गुळ व ज्येष्ठमध यांचा मोठा भाग देशाबाहेरून येतो. हिरडा सह्याद्रीतून येतो. बाटल्या, डबे, लेबले बाहेरची. च्यवनप्राश केला तर त्यातील जिल्ह्याची वस्तू म्हणून साखर सांगता येईल. तेव्हा अशा कारखान्याचा स्थानिक गुणक आरंभी बेताचाच राहील. आणि वर सांगितलेल्या सोप्या रीतीने काढला तर ‘शेतमाल मुबलक’ या गृहीतामुळे तो खोटाच मोठा दिसेल. लागवड आधी, की कारखाना आधी, याचा निर्णय गुणांक पाहून व्हावा. हाच हिशेब आपल्या चिकित्सालयालाही लागू आहे. रुग्ण औषधासाठी जे शंभर रुपये देतो त्यातील किती रुपये आपण स्वतः काढे, चूर्णे सिद्ध केल्याने तालुक्यात राहतात, आणि किती तयार गोळ्यांच्या डब्यांबरोबर परराज्यात जातात, हे ज्याचे त्याला काढता येण्याजोगे आहे. मी काढून पाहिले. तो आकडा येथे देत नाही, कारण एका दवाखान्यावरून अनुमान करणे अशास्त्रीय होईल; पण सहव्यवसायींनी आपापला काढावा.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. या सारणीत रुपयांत व्यक्त झालेला प्रत्येक व्यवहार ‘प्रदान’ म्हणूनच जमा होतो. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट व पद्धती भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नाही, तरी अंतर डोळ्यांआड करण्याजोगे नाही. एक दिवस काम बुडाले तर खाडा, खाड्याला दंड, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणे, फडावर स्वच्छ पाण्याचा अभाव, श्वेतप्रदरावर वेळेवर न झालेले उपचार, आणि ‘पिशवी काढली की कटकट संपली’ हा सल्ला. अशी ही संप्राप्ती आहे.

आता ही शस्त्रक्रिया सारणीत कशी दिसते? उचलीतील काही हजार रुपये कुटुंबांच्या स्तंभातून आरोग्यसेवेच्या ओळीत जातात. रुग्णालय औषधे, वीज, वेतन यांवर खर्च करते. गुणक चालू राहतो. जिल्ह्याच्या उत्पन्नात साखर उद्योगाचे योगदान वाढलेले दिसते! तिशीच्या आत गर्भाशय आणि कधीकधी बीजकोशही गमावलेल्या स्त्रीस पुढे जी कटिशूल, अस्थिधातूची क्षीणता, निद्रानाश यांची साखळी लागते, तिच्या उपचारांचाही प्रत्येक रुपया पुन्हा जमेच्याच बाजूस पडतो. ही गणिताची चूक म्हणता येणार नाही. गणिताला जे विचारले त्याचे उत्तर ते देते. शरीराची झीज त्याला कोणी विचारलेलीच नसते.

विचारता मात्र येते. खुद्द लिऑन्तिएफ यांनी १९७० साली आपल्या सारणीत प्रदूषणाची एक स्वतंत्र ओळ जोडून दाखविली. शंभर रुपयांच्या उत्पादनामागे किती माल लागतो हे जसे लिहिता येते, तसेच किती धूर निघतो हेही लिहिता येते. मग सर्व फेऱ्यांतून एकूण किती धूर निघाला ते तेच गणित सांगते. पुढे अनेक देशांत पाणी, ऊर्जा, जमीन यांच्या अशा ओळी रूढ झाल्या. त्या रुपयांत नसतात. लिटरमध्ये, टनांत असतात. साखरेच्या स्तंभाखाली ‘रुग्णदिवस’ ही ओळ जोडण्यास गणिताची काहीही हरकत नाही. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर मिळते; एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे टनामागे किती मनुष्यदिवस लागले हे माहीत आहे. हंगामात आणि हंगामानंतर किती दिवस आजारपणात गेले हे कळले, की साखरेच्या दर पोत्यामागे किती रुग्णदिवस पडले ते काढता येते, आणि साखर मुंबईत खपो वा परदेशात, तो आकडा तिच्यासोबत जातो.

अडचण आहे ती नोंदीची. कारखान्याकडे टनांची नोंद असते, मुकादमाकडे उचलीची. आजारपणाची नोंद फडावर होत नाही. झालीच तर ती परतल्यावर तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या दवाखान्यांत होते, आणि यांतील बरेच दवाखाने आयुर्वेद पदवीधरांचे आहेत. आपल्या केसपेपरवर रुग्णाचे नाव, वय, व्याधी, औषध एवढे असते. त्यात चार रकाने वाढवावे लागतील : गेल्या हंगामात तोडणीस गेला किंवा गेली होती काय, कोणत्या जिल्ह्यात, किती दिवस काम बुडाले, आणि उपचारासाठी आजवर किती खर्च झाला व तो पैसा कोठून आला. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत पाळीचा इतिवृत्त आणि पूर्वीची शस्त्रक्रिया, ती कोणत्या वयात झाली आणि कोणत्या कारणासाठी सांगितली गेली, हे स्वतंत्रपणे विचारावे. नावे गोपनीय ठेवून तालुका शाखांनी हे आकडे एकत्र केले तर एका हंगामात काही हजार नोंदी सहज जमतील. नोंदीस कामगार परतल्यापासून आषाढाअखेरपर्यंतचा काळ सोयीचा आहे. तेव्हा माणसे गावी असतात, पेरणीपूर्वी दुखणी दाखविण्यास येतात, आणि हंगामाच्या आठवणी ताज्या असतात. दसऱ्यानंतर विचारावयास कोणी उरत नाही.